कोवळा मेंदू आणि घरची भाषा



दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट रसायने ओलांडतात, तेव्हा संदेश पुढे जातो. कोवळ्या मेंदूत असे कित्येक सांधे प्रथम मुके असतात: ग्लुटामेट पोहोचते, परंतु ग्राहीचे द्वार मॅग्नेशियमने अडविलेले असते. दोन्ही पेशी वारंवार एकाच वेळी चेतल्या, की अडसर सरतो, कॅल्शियम आत शिरते, नवे ग्राही येतात आणि सांधा बोलका होतो. न वापरलेले पुष्कळसे सांधे गळून जातात.

१९८४ साली कॅनडात जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतील बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेकांना भेद कळला. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना.

अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासात आलेल्या मराठी घराण्यांनी हे ध्यानी घ्यावे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च निराळे; हिंदीत तो भेद नाही. अंगणातील हिंदी-माळवी मूल आपसूक शिकेल आणि दोन्ही भाषा सहज पेलेल. घरची मराठी मात्र शाळेची वाट पाहू शकत नाही. ती पाळण्यापाशीच बोलली जावी, एवढी विनंती.