रहस्यपट काढणारे विद्यार्थी आणि यंत्राची विद्या

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात बुलढाण्यास केलेले भाषण)



गुणवंतांना बक्षिसे वाटण्याच्या या समारंभात सिनेमाविषयी बोलावे, हे आपणांपैकी पुष्कळांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या वसतिगृहातील पाच विद्यार्थ्यांनी एक छोटा रहस्यपट काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा 'ही थेरे हवीत कशाला? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करा,' असाच सूर आमच्या मंडळातही निघाला होता. परवानगी दिली ती आम्ही. तेव्हा तिचा हिशेब देणे आम्हांस प्राप्तच आहे.

या उद्योगास आपल्याकडे थोर पूर्वपीठिका आहे. दादासाहेब फाळके हे प्रथम विद्यार्थी होते ते चित्रकलेचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम कोणता चित्रपट घेतला असेल? कुंडीतल्या वाटाण्याचा! रोज थोडथोडी चित्रे घेऊन अंकुराची कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखविली, आणि ती पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनी घरचे सारे सांभाळून फिल्मला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम केले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. वेळ लांबविता येतो, आखडता येतो, तोडून जोडता येतो, ही या यंत्राची पहिली किमया फाळक्यांना त्या वाटाण्याने शिकविली. आमच्या मुलांना ती शिकण्यास थोडी अधिक किंमत पडली.

त्यांची कथा साधी होती. तिन्हीसांजेस गावातील एक मुलगी नाहीशी होते. खांद्यावर पोते टाकून जाणारा एक म्हातारा लोकांनी पाहिलेला असतो. आठ मिनिटे संशय वाढत जातो; नवव्या मिनिटास उलगडते की, पाय मुरगळून शेतात पडलेल्या त्या मुलीला म्हाताऱ्यानेच डॉक्टरकडे पोहोचविले आणि पोत्यात फक्त सरकी होती. म्हाताऱ्याची भूमिका आपल्याच ज्ञातीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, मुलांच्या हट्टाखातर, स्वीकारली.

मुलांना प्रथम बोथ्याच्या घाटात रात्री चित्रण करावयाचे होते. ते आम्ही साफ नाकारले. ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वले व बिबटे आहेत. २०१९ च्या डिसेंबरात तर टिपेश्वरहून निघालेला एक वाघ गळ्यातील रेडिओपट्ट्यासह तेथे येऊन दाखल झाला होता. रहस्यपटास इतक्या खऱ्या रहस्याची गरज नव्हती. शिवाय मोबाईलच्या कॅमेऱ्याचा डोळा बारीक. अंधारात तो ताणला की चित्रावर रवा उठतो. मग मुलांनी ऐन दुपारी, आकाश चित्रात येऊ न देता, उजेड हाताने कमी करून व वर निळसर झाक देऊन रात्र निर्माण केली. घरातील प्रसंगात दिव्यामुळे चित्रावर पट्टे सरकू लागले, तेव्हा प्रथम मोबाईल बिघडल्याची समजूत झाली. पुढे शोध लागला की, आपल्या विजेची आवर्तने सेकंदास ५०, म्हणून काही दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यास ते कळत नाही, यंत्रास कळते. एका चित्राचा उघडझापीचा काळ सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवताच पट्टे नाहीसे झाले. हे ५० आवर्तनांचे वाक्य या मुलांनी शाळेत पाठ केलेले होते. त्याचा उपयोग मात्र त्या रात्री प्रथम कळला.

आवाजाची गंमत तर विलक्षणच! हाड मोडल्याचा आवाज वाळलेल्या पऱ्हाटीचा होता. पावलांचा आवाज कडब्यावर चालून काढलेला. आवाज निराळ्या मोबाईलवर घेतल्याने तो ओठांशी जुळेना. म्हणून प्रत्येक वेळी आरंभी एक टाळी वाजवावयाची आणि मागाहून टाळीचे चित्र टाळीच्या आवाजाशी बसवावयाचे, ही जुन्या बोलपटांची युक्ती त्यांना पुन्हा शोधून काढावी लागली.

परंतु खरी विद्या संकलनात आहे. चिखलात पडलेली मुलीची चप्पल, आणि लगेच तिच्याकडे रोखून पाहणारा म्हाताऱ्याचा चेहरा, अशी दोन चित्रे त्यात शेजारी आहेत. ती पाहताना आमच्याही अंगावर काटा आला. वास्तविक तो चेहरा टिपला तेव्हा आमचे हे गृहस्थ ओट्यावर बसून चहाची वाट पाहत होते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियातील कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने हेच दाखविले होते: नटाचा एकच निर्विकार चेहरा, शेजारी सुपाचे भांडे ठेवले तर भुकेलेला, शवपेटी ठेवली तर दुःखी वाटतो. भाव चेहऱ्यावर नसतो, जोडणीत असतो.

आता कटू भाग. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच एका उत्साही मुलाने त्यातील चाळीस सेकंदांचा तुकडा, चप्पल, चेहरा व पोते एवढाच, मित्रांना नमुना म्हणून पाठविला. मित्रांनी तो पुढे धाडला. लपवून काय उपयोग? धाडणाऱ्यांत आम्हीही होतो, 'आपल्या मुलांचे कौतुक' म्हणून. तिसऱ्या दिवशी घाटाखालच्या एका गावी आठवडी बाजारात त्या गृहस्थांस चौघांनी अडविले. पिशवी उलटून पाहिली. त्यांना ओळखणारा एक दुकानदार मध्ये पडला म्हणून गोष्ट तेथेच थांबली. ते घरी परतले, पण दोन आठवडे बाहेर पडले नाहीत. आमच्याकडे त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि त्यामुळेच आम्हांस अधिक लाज वाटली.

ही भीती अवास्तव नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. मोबाईलवरून अफवा पसरल्या होत्या. त्या वर्षी देशात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत बालकांच्या सुरक्षिततेच्या प्रचारासाठी काढलेल्या लघुपटाचा तुकडा होता. मूळ चित्रात मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात. सावध राहा, असा फलक येतो. कोणीतरी तो शेवट कापला. उरले ते केवळ अपहरण. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. कात्रीवर मात्र अशी मर्यादा कोण घालणार?

मुलांनी आपल्या परीने उत्तर काढले. 'कथा काल्पनिक आहे' ही ओळ त्यांनी प्रथम आरंभी घातली होती. ती कापता येते हे आता त्यांना समजले होते. म्हणून ती बारीक अक्षरांत चित्राच्या मध्याजवळ, सेकंदास २४ प्रमाणे नऊ मिनिटांच्या सर्व १२,९६० चित्रांवर बसविली. चित्र त्यामुळे थोडे विद्रूप झाले, हे मान्य केले पाहिजे. पाचांपैकी ज्याने तुकडा पाठविला होता, तोच रात्रभर बसून हे काम करीत होता. नंतर त्या गावी देवळाच्या पटांगणात चादर बांधून संपूर्ण चित्रपट दाखविला गेला. बाजारात अडविणाऱ्या चौघांपैकी दोघे आले होते. दिवे लागल्यावर त्यांनी आमच्या गृहस्थांच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला. त्यांनी पाय मागे घेतले आणि निळ्या उजेडात आपले धोतर मळके दिसते, एवढीच तक्रार मुलांकडे केली.

ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चित्रपट याच सभागृहात आता दाखविण्यात येईल. तो नऊ मिनिटांचा आहे, भोजनाची पंगत त्यानंतर आहे. दारे लावून घ्यावीत, अशी स्वयंसेवकांस विनंती आहे.