लांब पल्ल्याची धाव

(संस्थेच्या महोत्सवी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या महोत्सवात बोलावयास एका शाळामास्तराला उभे केले, आणि विषय दिला धावण्याचा, हे ऐकून प्रथम आमच्या घरीच हसू पिकले. शाळेत आमच्याकडे इतिहास आणि भूगोल हे विषय आहेत; व्यायामाशी आमचा संबंध हजेरीपटापुरताच. वयाची चाळिशी उलटेपर्यंत आमची धाव सकाळच्या बसगाडीपलीकडे कधी गेली नव्हती. पुढे एके दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की, साखर वाढली आहे, "औषध मी देईन, पाय मात्र तुमचे तुम्हांलाच हलवावे लागतील." तेथून या गोष्टीस आरंभ झाला.

या भाषणात आम्ही वारंवार 'आम्ही' म्हणू, ते मानासाठी म्हणतो असे कोणी समजू नये. या कामात एकट्याने केलेले असे काहीच नाही. आम्ही म्हणजे धारचे दोन शिक्षक, देवासच्या एका बँकेतील कारकून, आणि आमचा एक जुना विद्यार्थी, जो आज पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. धार आणि देवास यांच्यामध्ये इंदूर पडते. म्हणून एक रविवार मांडवगडच्या बाजूस आणि एक रविवार देवासच्या टेकडीवर, असा आमचा क्रम ठरला.

आता हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब जी धाव, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. आणि ती डांबरी सडक सोडून रानातील पायवाटेने, डोंगर चढत-उतरत गेली म्हणजे तिची कसोटी अधिकच वाढते. दक्षिण आफ्रिकेत पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली 'कॉम्रेड्स' नावाची सुमारे नव्वद किलोमीटरांची धाव सुरू झाली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले. कृष्णवर्णीयांस आणि स्त्रियांस तेथे अधिकृतपणे धावण्याची मोकळीक मात्र १९७५ साली मिळाली. रस्ता सर्वांचा व्हावयास चोपन्न वर्षे लागली, हे आपण शिक्षकांनी मुलांस सांगण्यासारखे आहे.

परंतु हे सारे परदेशातले, असे मानण्याचे कारण नाही. इतिहासाच्या मास्तराला आपल्या गावाचा दाखला सापडला की राहवत नाही, म्हणून सांगतो. इब्न बतूता हा प्रवासी १३४२ साली दिल्लीहून दक्षिणेस जाताना आपल्या या धार नगरीवरून गेला. तो लिहितो की, दिल्लीहून धार चोवीस दिवसांची वाट आहे, आणि त्या वाटेवर खांब उभे असून त्यांवर मैलांचे आकडे कोरले आहेत. आज किती चाललो आणि मुक्काम किती राहिला, हे प्रवाशास त्यावरून कळते. त्याच प्रवाशाने त्या काळच्या पायडाकेचेही वर्णन केले आहे. एका मैलात तीन चौक्या असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी असे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढील चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार होई, पत्र घेई आणि धावत सुटे. ही पायाची डाक घोड्यांच्या डाकेहूनही जलद जाई, असे तो म्हणतो. खांब आणि चौकी, हे दोन शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. लांब पल्ल्याचे सारे शास्त्र आम्हांस शेवटी या दोन शब्दांतच सापडले.

आपल्या मराठी मुलखाचाही एक दाखला आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटा यांच्या नजरेस आले की, धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले आहेत, अनवाणी आहेत, आणि शास्त्रीय शिक्षण नसतानाही त्यांचा वेग नाव घेण्यासारखा आहे. त्यांच्या प्रयत्नाने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचे एक लहानसे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा रस्ता नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होता. तो चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा केला आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. पदक नाही, म्हणून नावही फारसे राहिले नाही. परंतु ज्या देशात धावण्याचा सराव शेताच्या बांधावर झाला, त्या देशातील माणसाने जगातील निवडक धावपटूंमध्ये शेवटपर्यंत टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता आमच्या तयारीविषयी. पहिले तीन महिने आम्ही धावलोच नाही म्हणा ना. पाच मिनिटे चालावे, एक मिनिट धावावे, असा क्रम. नंतर दर आठवड्यास अंतर थोडे थोडे वाढवावयाचे आणि चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावयाचे, कारण अंग विश्रांतीत घडते. आठवड्यातून एकदा लांब धाव, तीही इतकी सावकाश की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य तुटले की वेग जास्त झाला, असे समजावे. धारहून मांडव सुमारे पस्तीस किलोमीटर. नालछ्यापर्यंत पोहोचावयासच आम्हांला अनेक महिने लागले. तेथून पुढे घाट सुरू होतो. खडा चढ चालतच चढावा, ही शिकवण आम्हांस घाटाने दिली. उतारावर मांडीचे स्नायू गाडीच्या ब्रेकसारखे काम करतात आणि खरे दुखणे दोन दिवसांनी जिना उतरताना कळते, हेही त्यानेच शिकविले. पावसाळ्यात माळव्याची काळी माती बुटांस शेरभर चिकटते; मग प्रत्येक पाऊल उचलणे हाच व्यायाम होतो. देवासला टेकडीच्या पायऱ्यांवर आम्ही अगदी पहाटे जात असू, म्हणजे देवीच्या दर्शनास येणाऱ्या मंडळींस अडथळा होऊ नये.

त्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या गावात कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी आले, आणि कित्येक वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. फुप्फुसाची शक्ती उणी झाल्यावरही ते पुन्हा उभे राहून गायले. आमचे कारकून मित्र गाण्याचे शौकीन आहेत. चढावर आमचा दम तुटू लागला की ते म्हणत, "मास्तर, श्वास किती आहे ते विचारू नका, आहे तो कसा वाटून द्यायचा ते पाहा." व्यायामाच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस याहून चांगले सूत्र सापडले नाही.

रमजानच्या महिन्यात काय करावयाचे, असा प्रश्न पडला. आमच्या अम्मींनी तो सोडविला. त्या म्हणाल्या, "बेटा, रोजा देहाला छळायला नसतो. हळू जा, नाहीतर जाऊच नको." मग त्या महिन्यात लांब धाव बंद ठेवली, इफ्तारच्या आधी अर्धा-पाऊण तास सावकाश फिरावे आणि मगरिबच्या वेळेला घरी असावे, एवढेच केले. आमचे हिंदू सोबती आमच्यादेखत पाणी पिईनात. त्यांना रागावून पाजावे लागले. सोबत कशास म्हणतात, हे त्या महिन्यात कळले.

एवढी तयारी करून आम्ही चौघे पुण्याजवळच्या सिंहगड-राजगड-तोरणा या किल्ल्यांवरून जाणाऱ्या सुमारे पन्नास किलोमीटरांच्या धावेस गेलो. धार-देवासची पवार घराणी ज्या दक्षिणेतून माळव्यात आली, त्या दक्षिणेचे डोंगर पाहून ऊर भरून आला. आणि येथेच आमची बुद्धी फिरली. सिंहगडाच्या चढावर आम्ही चालावयाचे सोडून धावलो. माळव्याची लाज राखावयाची ना! तहान लागेल या भीतीने प्रत्येक ठिकाणी लोटाभर पाणी प्यालो, मीठ मात्र खिशातच राहिले. घाम मीठ घेऊन जातो. वर नुसते पाणीच ओतत राहिले की रक्तातील सोडियम उतरते, आणि हे प्रसंगी प्राणावर बेतते. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यास पोहोचलो तेव्हा बोटे सुजली होती, उलटीची भावना होत होती, आणि शेजारी कोण उभे आहे हे नीट उमगत नव्हते.

आमचा विद्यार्थी तेव्हा पुष्कळ पुढे होता. मागे वळून पाहता आम्ही दिसेनात, म्हणून तो उलट आला. डॉक्टर येईपर्यंत आमचे डोके मांडीवर घेऊन बसला. आम्ही त्यास म्हटले, "तू जा, तुझा वेळ जातो आहे." तो म्हणाला, "सर, किल्ला कुठे पळून जात नाही." पुढे जाण्याची ठरलेली मुदत तेथेच टळली. पाळ्या बदलून घेऊन, हप्त्याने बूट घेऊन त्या मुलाने वर्षभर तयारी केली होती. आमच्या उतावीळपणाची किंमत त्याने दिली. परतीच्या गाडीत तो शांत झोपला होता. आम्हांस मात्र झोप आली नाही. वर्गात वीस वर्षे संयमावर बोलणाऱ्या माणसाची परीक्षा घेतली गेली होती, आणि निकाल समोरच्या बाकावर झोपला होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही पन्नास किलोमीटर मनातून काढूनच टाकले. इब्न बतूताचे खांब मोजले. नजरेसमोर फक्त पुढील चौकी. तहान लागेल तेवढेच पाणी, त्यात मीठ आणि लिंबू. दर अर्ध्या तासाने खजूर, गुळाचा खडा किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा. विद्यार्थ्यास शपथ घातली की, मागे वळावयाचे नाही. राजगडाची संजीवनी माची उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगराच्या धारेवर ऊन असे तापले होते की, दगडाला हात लाववेना. तेथे गावातील एक म्हातारी घागर घेऊन बसली होती. तिने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. "पी बाबा," एवढेच म्हणाली. बुधला माचीवरून तोरण्यावर चढलो आणि वेल्ह्यास उतरलो, तेव्हा मुदत संपावयास वीस मिनिटे उरली होती. शेवटून मोजले तर आमचा क्रमांक फार वरचा! विद्यार्थी केव्हाच पोहोचला होता. त्याने पायांतील बूट आमच्या हाताने काढू दिले नाहीत, स्वतः काढले.

मंडळी, साखर आता आटोक्यात आहे. औषध चालू आहे, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणी यात पडू नये, हेही सांगतो. परंतु आम्ही आज मागावयास उभे आहोत. आमच्या शाळेतील मुली विचारतात की, आम्हीही येऊ का? अजमेरच्या सूफिया खान हिने २०१९ साली काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ८७ दिवसांत धावून काढले. तेव्हा मुलींना जमेल का, हा प्रश्न उरलेला नाही. त्यांच्यासोबत पहाटे कोण जाईल, एवढाच प्रश्न आहे. आयांनी, आत्यांनी आणि वडीलभावांनी महिन्यातून एक रविवार नालछ्याच्या वाटेवर मीठ-लिंबाचे पाणी घेऊन उभे राहावे. आणि विश्वस्त मंडळींनी गरजू मुलामुलींसाठी थोडे बूट घेऊन ठेवावे, ही आमची विनंती आहे.

शिक्षणशास्त्राच्या पदवीच्या वर्षी आमची फी भरावयाची राहिली होती, ती आपल्या संस्थेने भरली. त्यावेळी आम्हांस वाटले की, उपकार झाला. आज वाटते की, ती एक चौकी होती. घुंगरांचा आवाज ऐकून कोणीतरी आधीच कंबर कसून उभे होते. आता पुढल्या मुलांसाठी उभे राहण्याची पाळी आपली आहे.