लोक दवाखान्याला ‘नाही’ का म्हणतात?

(पुण्यातील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण मला नेहमी विचारता, “ताई, सरकार मोफत उपचार देते, तरी पाड्यावरचे लोक का जात नाहीत?” पूर्वी मी म्हणत असे, “अडाणीपणा.” आज ते उत्तर मी मागे घेते.

आपले पुणे आठवा. १८९७ साली इथे प्लेग होता. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांनी घरे तपासायला गोरे सोजीर लावले. ते माजघरात, देवघरात बुटांनिशी शिरत. रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. रुग्ण वेगळे ठेवणे गरजेचेच होते. पण लोक आजारी माणसे लपवू लागले. पंडिता रमाबाईंनीही या कारभाराविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणत. मुंढव्याच्या एका मुलाला तर त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. आजार तोच, रुग्णाला घरातून हलवणेही तेच. एकीकडे धाक होता, दुसरीकडे आपले माणूस होते.

माणसाचे मन असेच आहे. उद्याच्या फायद्यापेक्षा आज हातचे जाईल ही भीती मोठी वाटते. न विचारता लादलेले चांगलेही नको होते. आणि एकदा झालेला अपमान घराणे विसरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कातकरी पाड्यावर मी एका गरोदर बाईला दवाखान्यात बाळंतपणाचे फायदे सांगत बसले. अनुदानाचे पैसेही मोजून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ताई, मागं जावेला तिथं सगळ्यांदेखत बोलले. सोबत कुणाला बसू दिलं नाही. माझ्याजवळ कोण बसंल?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ती घरीच बाळंत झाली. देवाच्या कृपेने मायलेकरू वाचली. पण रक्तस्राव सुरू झाला असता तर? तिचा नकार धोक्याचा होता, हे खरेच. तिचा प्रश्नही खरा होता आणि मी तो आधी विचारलाच नव्हता.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभूने बरे करण्याआधी त्याची इच्छा विचारली. त्या माणसाने काय सांगितले? मला पाण्यात सोडायला कोणी नाही.

म्हणून आज मी पैसे मागत नाही. पाड्यावरचा रुग्ण ससूनला येतो, तेव्हा केसपेपर कुठे काढायचा हेही त्याला ठाऊक नसते. आपल्या मंडळीतून आठवड्याला दोन तास त्याच्याजवळ कोण बसेल? सभेनंतर माझ्याकडे नाव द्या. मी वही घेऊन दाराशी उभी आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.