रिपोर्ट नॉर्मल आहे



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभार. भर पावसात ज्यांनी मांडव उभा केला त्यांचे थोडे जास्त आभार. मिरजेत बोलायला उभं राहिलं की मला अजूनही तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं. 1894 साली डॉ. वानलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून या गावाला डॉक्टरांचं फारसं कौतुक उरलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

पोटाच्या कार्यात्मक विकारांमधल्या मानसिक आरोग्याचा आढावा घ्या, असं मला कळवण्यात आलं होतं. घेतो. मे 2016 मध्ये निदानासाठीच्या रोम निकषांची चौथी आवृत्ती आली आणि या आजारांना ‘आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधातले विकार’ असं नाव मिळालं. 2021 साली 33 देशांतल्या 73 हजारांहून अधिक माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून विचारलं तिथं 40 टक्क्यांहून जास्त लोकांना यातला निदान एक विकार निघाला; घरी जाऊन समोरासमोर विचारलं तिथं प्रमाण जवळजवळ निम्मं, 21 टक्क्यांच्या आसपास. आपल्या देशात घरी जाऊनच विचारलं होतं. या फरकाची संशोधक बरीच कारणं सांगतात. मला एक पुरतं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या परक्या माणसाला, सकाळी पोट साफ झालं की नाही, हे कोण सांगेल? झाला आढावा.

आता जे बोलायला मी इतकी वर्षं थांबलो, ते बोलतो. विट्यात पाच वर्षं आणि साताऱ्यात बत्तीस, एवढी माझी प्रॅक्टिस. या सदतीस वर्षांत आपल्या धंद्यातलं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते छापील केसपेपरवरच का टाकत नाहीत, असा प्रश्न पडतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही.’ सुरुवातीला मीही ते मोठ्या ऐटीत म्हणत असे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा धडधडीत खोटा.

दुर्बिणीला व्रण दिसतो, गाठ दिसते, सूज दिसते. ज्याच्या आतड्यातल्या नसा तुमच्या-माझ्यापेक्षा हळव्या झाल्यात, त्याचा हळवेपणा दिसत नाही. गुदाशयात छोटा फुगा फुगवून बघितलं तर, तुम्हा-आम्हाला नुसतं भरल्यासारखं वाटेल तेवढ्यातच, या रोग्यांतले बरेचजण कळ आली म्हणून ओरडतात. हे पन्नास वर्षांपूर्वी दाखवून झालंय. म्हणजे त्यांना काहीतरी झालेलं आहे. आपल्या यंत्राला ते दिसत नाही, एवढंच.

विट्यात असताना एक बाई यायच्या. नवरा सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात, दूर तमिळनाडूत. खानापूर तालुक्यातल्या मंडळींना हे सांगायला नको; वर्षातून एकदा जत्रेला माणूस घरी येणार आणि आठ दिवसांत परत जाणार. बाईंची तक्रार एकच, ‘गॅस डोक्यात चढतोय.’ मी हसलो. ‘बाई, पोटातून डोक्याकडं गॅस जायला वाटच नाही,’ असा शरीररचनेचा पाठ दिला, दुर्बीण करवली आणि ते वाक्य म्हटलं. बाई निघून गेल्या. अकरा वर्षांनी साताऱ्यात माझ्यासमोर येऊन बसल्या, तीच प्लास्टिकची पिशवी, कागद फक्त तिप्पट झालेले. आधी अपेंडिक्स काढलं होतं, मग पित्ताशय, मग गर्भपिशवी. तीन गावांचे तीन सर्जन, तिघंही भले. त्यातल्या पहिल्या चिठ्ठीवर सही माझी होती. कळ होती तशीच होती. बाईंनी पदर सावरला आणि विचारलं, ‘आता काढायला काय ऱ्हायलंय, डॉक्टर?’

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना विचारलं, घरी कोण कोण असतं? चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. काय बोलल्या ते या मांडवात सांगायचं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत गॅस हा शब्द एकदाही आला नाही.

तेव्हापासून माझी खात्री आहे, की आपल्या भागात ‘गॅस’ हा वायू नाही. ‘मला भीती वाटते’, ‘मला एकटं वाटतं’ हे शब्द शेतात राबणाऱ्या बाईच्या तोंडी घरात शोभत नाहीत, गॅस शोभतो. 2019 च्या महापुरात सांगलीच्या एका छावणीत मी आठवडाभर होतो. औषधांच्या खोक्यातलं सगळ्यात आधी काय संपलं? तापाच्या नाही, गॅसच्या गोळ्या. ज्यांची जनावरं दावणीला बुडाली ती माणसं आमच्यापुढं हात करून गॅसची गोळी मागत होती. (पोटात गोळा येणं, पोटात कालवणं अशा वाक्प्रचारांची यादी वाचून टाळ्या घ्यायची परिषदांमध्ये आता पद्धत झाली आहे. मी वाचत नाही.)

काल परिसंवादात दोन तास वाद झाला, आधी पोट की आधी मन. ऑस्ट्रेलियात बारा वर्षं एकाच लोकसमूहामागं राहून केलेला अभ्यास आहे. मन बिघडलेल्यांचं पुढं पोट बिघडलं, आणि ज्यांचं मन ठीक होतं पण पोट बिघडलेलं, त्यातल्या अनेकांना पुढं चिंता जडली. वाट दुहेरी आहे. पण मला हे त्याआधीच माझ्या एका ड्रायव्हरनं शिकवलं होतं.

सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीचा चालक. आषाढीच्या जादा गाड्यांवर पंढरपूरला गेला, तिथं जुलाब लागले, आठवड्यात थांबले. पोट मात्र पूर्वीसारखं झालं नाही. घरी असला की पोट गुमान. ड्युटी लागली की सुरू. विनाथांबा गाडी, मागं चाळीस माणसं, खंबाटकी घाट, थांबणार कुठं? पाचवड ते शिरवळ रस्त्यावरचं प्रत्येक स्वच्छतागृह त्याला तोंडपाठ होतं. आदल्या संध्याकाळपासून जेवायचा नाही. आधी पोट, मग भीती, मग भीतीनं पोट. यात पहिला कोण हे कालच्या वक्त्यांनी मला दाखवावं.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञ मित्राचा दवाखाना होता. मी चिठ्ठी लिहून त्याला वर पाठवलं. सतरा पायऱ्या. तो चढला, दारावरची पाटी वाचली आणि आल्या पावली खाली आला. ‘डॉक्टर, मी येडा हाय व्हय?’ तेव्हा असे रोगी लगेच मानसोपचाराकडं पाठवावेत, हा जो ठराव काल मांडला गेला, त्यावर माझं उत्तर त्या सतरा पायऱ्या. पाठवू नका. त्या मित्राला मी चहाला खाली बोलावलं आणि तिघं माझ्याच खोलीत बसलो. रात्रीची अमिट्रिप्टिलिन देता येईना; झोप आणणारी गोळी घेतलेल्या ड्रायव्हरच्या हाती चाळीस माणसं कशी द्यायची? नुसतं बोलणं झालं, दर पंधरवड्याला, चार महिने. पूर्ण बरा झाला नाही. पण जेवून ड्युटीवर जायला लागला आणि निवृत्तीपर्यंत गाडी चालवली.

ज्यांना ती गोळी चालते त्यांना द्या, आणि तुम्हीच द्या. 2023 साली इंग्लंडमध्ये 463 रोग्यांवर झालेल्या चाचणीत साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या रोग्यांना 10 मिलिग्रॅमपासून चढवत 30 पर्यंत ती देण्यात आली आणि फरक पडला. फक्त देताना सांगा, की ही आतड्याच्या नसांसाठी आहे. नाहीतर केमिस्ट ‘डिप्रेशनची आहे’ म्हणतो आणि पाकीट घराच्या फळीवर राहतं.

पथ्याबद्दल एवढंच. मेलबर्नहून आलेली, टाळायच्या पदार्थांची ती फॉडमॅपची यादी चांगली आहे, पण तिच्यात पहिल्यांदा कांदा आणि लसूण जातो, मग गहू, मग बऱ्याचशा डाळी. साताऱ्याच्या घरातून कांदा-लसणाची चटणी काढली तर उरतं काय? सुनेनं वेगळं शिजवायचं, आणि त्यावरून घरात जे होतं त्यानं सासूचं पोट आणखी दुखतं. मी पाहिलंय.

‘आणि कॅन्सर सुटला तर?’ असं तरुण मित्र विचारतात. वजन उतरतंय, रक्त पडतंय, अंगात रक्त कमी आहे, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालंय, तर तपासा, कसून तपासा. पण एकदा. पाचव्यांदा दुर्बीण घालतो तेव्हा आपण रोग्याची भीती तपासत नसतो, स्वतःची तपासत असतो.

या सगळ्याचं मूळ मला वाटतं आपल्याच एका मोठ्या विजयात आहे. आमच्या शिकण्याच्या काळात अल्सर म्हणजे काळजीचा आजार. 1984 साली बॅरी मार्शलनं जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं, 2005 साली वॉरन यांच्यासह नोबेल मिळवलं, अल्सर मनाच्या खात्यातून जंतूच्या खात्यात गेला. चांगलंच झालं. पण मागं ज्यांच्या पोटात जंतूही नव्हता आणि व्रणही नव्हता, त्यांच्याकडं आपण जणू त्यांनी आपल्याला फसवलं अशा नजरेनं बघायला लागलो. माझे मिरजेतले एक गुरुजी पोट तपासताना बोटांकडं न बघता रोग्याच्या तोंडाकडं बघायचे. आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो.

पुढच्या वर्षात करायच्या गोष्टी अध्यक्षानं सांगाव्यात असा रिवाज आहे. रोग्यांच्या शब्दांचा एक कोश करू. गुबारा, मुरडा, वायगोळा, करपट ढेकर, ‘समाधान होत नाही’, हे सगळं कोण कुठं म्हणतं ते टिपून ठेवू. दोन-तीन जणांनी नावं द्या, खर्चाचं बघू. आणि पोटाचा डॉक्टर व मनाचा डॉक्टर एकाच टेबलाशी बसतील अशी ओपीडी, महिन्यातून एक दिवस तरी, मिरजेत की कऱ्हाडात ते कार्यकारिणीनं ठरवावं. तोवर साताऱ्यातली माझी तळमजल्यावरची खोली आहे. मित्र यायला तयार आहे. टेबल आहे, तिसरी खुर्चीही आणलीय. दारावर पाटी काय लावायची, ते मात्र अजून सुचलेलं नाही.