वहीतली अकरा माणसं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मला विषय दिलाय 'संतसाहित्य, धर्म आणि माणुसकी'. विषय थोर आहे आणि मी काही कीर्तनकार नव्हे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलं शिकवली आणि जमेल तशी आषाढीची वारी केली, एवढीच माझी पुंजी. म्हणून मी आपला एका वहीबद्दल बोलतो.

या ग्रंथासाठी जुने कागद शोधा, असं समितीनं सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या माळ्यावरच्या पेटीत दिंडीच्या भिशीच्या तीन वह्या निघाल्या. कुणी किती रुपये दिले, कुणी ज्वारी दिली, कुणी डाळ दिली, सगळं नावानिशी लिहिलेलं. त्यातल्या एका वहीत, स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधीच्या, पानाच्या तळाशी एक ओळ आहे. 'बाहेरची माणसे 11.' पुढं नाव नाही, गाव नाही. आणि ते अक्षर माझ्या आजोबांचं आहे. मी ते लगेच ओळखलं.

ही बाहेरची माणसं कोण, म्हणून मी आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर माळकऱ्यांना विचारलं. ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मास्तर, ती आपल्याच गावची की. महारवाड्यातली." दिंडीच्या मागं शंभरेक पावलं सोडून ती चालायची. चूल वेगळी. ओढ्यावर पाणी भरायचं ते खालच्या अंगाला. पंढरपूरला गेलं की चंद्रभागेचं स्नान, महाद्वारापुढं चोखोबांच्या समाधीला डोकं, तिथूनच कळसाला हात जोडायचे, आणि माघारी. त्यांच्यातल्या एकाचा आवाज असा होता म्हणे, की पुढं टाळ थांबले की मागून त्याचा अभंग ऐकू यायचा. त्याचं नाव विचारलं, तर म्हाताऱ्यांना आठवेना.

आता बघा. पुढं चालणारी आपली माणसं तेव्हा काय गात होती? चोखोबांचा उसाचा अभंग आपल्या दिंडीत पहिल्यापासून आहे. म्हणजे पुढं चोखोबांचा अभंग, आणि मागं शंभर पावलांवर चोखोबांची माणसं. अभंग तोंडात घ्यायला आपल्याला कधी अडचण वाटली नाही. अभंगाचा विटाळ होत नव्हता ना!

चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या कामावर वेठीला असताना कूस कोसळलं आणि ढिगाऱ्याखाली ते गेले. ते साल 1338 मानतात. नामदेवराय तिथं गेले, विठ्ठलनाम ऐकू येतं त्या अस्थी वेचल्या आणि महाद्वारापुढं आणून समाधी दिली, अशी आपली परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग लिहून घेणारे अनंतभट ब्राह्मण होते, असंही परंपराच सांगते. म्हणजे संतांनी आपल्या परीनं करायचं ते तेव्हाच केलं होतं. एकानं अस्थी उचलल्या, एकानं लेखणी धरली. पुढची सहाशे वर्षं मात्र समाधी पायरीखाली आणि समाज पायरीबाहेर, हे आपण चालू दिलं. आपण म्हणजे वारकऱ्यांनीसुद्धा. बडव्यांकडं बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

मग साने गुरुजी आले. 'श्यामची आई' तुम्ही वाचलीच असेल, निदान शाळेत ऐकली असेल. त्यात दमलेल्या म्हातारीची मोळी तिच्या डोक्यावर द्यायला आई श्यामला सांगते, पण घरी आल्यावर आंघोळ कर म्हणूनही सांगते. मी हा प्रसंग मुलांपुढं किती वेळा वाचला. आंघोळीच्या वाक्याशी दरवेळी अडखळलो. आईच्या काळजातली माया खरी होती, पण तिचा काळ तिला तेवढंच पुढं जाऊ देत होता. लेक पुढं गेला. आधी गुरुजी गावोगाव हिंडले, विनवण्या केल्या आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले. जागा कुणी दिली? तनपुरे महाराजांच्या मठानं. वारकऱ्याच्याच मठानं! हे मला फार मोलाचं वाटतं. वारकऱ्यांतून विरोध झाला, हे खरं. आधारही वारकऱ्यातूनच मिळाला, हेही तितकंच खरं. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि 10 मेला उपोषण सुटलं. मंदिर सर्वांना खुलं करायचं ठरलं. काही जुन्या मंडळींनी त्यानंतर राऊळात जाणंच सोडलं, तेही लपवायला नको.

आपल्या दिंडीची शंभर वर्षं आज आपण मिरवतोय. त्यातली पहिली वीस-बावीस वर्षं तो दरवाजा बंद होता. आणि तो उघडल्यावर आपली पंगत लगेच एक झाली का? नाही. पुढच्या वह्यांतही दोन चुली दिसतात. म्हातारे सांगतात, 1972 च्या दुष्काळात कामावर सगळ्यांनी शेजारी बसून खडी फोडली, एका रांगेत सुकडी घेतली, त्यानंतरच्या वारीत कुणी काही न बोलता पंगत एक झाली. ठराव नाही, भाषण नाही.

आजोबांवर माझा राग नाही. ते पहाटे काकड्याला उठायचे, कुणाचा पैसा बुडवला नाही, दारातून भुकेला कधी परत गेला नाही. असा माणूस 'बाहेरची' हा शब्द लिहून गेला आणि त्याला काही टोचलं नाही, याचीच मला धास्ती वाटते. मग मी काय काय लिहून गेलो असेन?

म्हणून मी गेल्या वर्षीची वही काढली. ती माझ्याच हातची, भिशी मीच लिहितो. सगळ्यांची नावं, गाव, फोन नंबर. आणि तळाशी माझ्या अक्षरात, 'आचारी व मदतनीस 6.' नावं नाहीत.

त्यातल्या भांडी घासणाऱ्या मावशींना मी परवा जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, सहा वर्षं येते मी तुमच्याबरोबर. देऊळ आतनं बघितलं नाही अजून. एकादशीला तुम्ही सगळे जाता, मग भांड्यांपाशी, सामानापाशी कोण बसणार?" त्या रागावून बोलल्या नाहीत. हसत बोलल्या. मला मात्र उत्तर सुचलं नाही.

समितीला माझ्या दोन विनंत्या आहेत. ग्रंथात विणेकऱ्यांच्या नावांची यादी छापताय, तिच्या शेजारचं एक पान त्या अकरा जणांसाठी ठेवा. ज्यांच्या घरातून ती माणसं चालली, त्यांच्यापैकी कुणी इथं बसलं असेल, तर आज भोजनानंतर मला नाव सांगा. आठवेल तेवढीच लिहू, उरलेल्या ओळी कोऱ्या सोडू. ती वही मी बरोबर आणलीय, कुणालाही बघता येईल. आणि येत्या आषाढीला सामानापाशी बसायची पाळी लावा. दशमीच्या रात्रीची पहिली पाळी माझी लिहा. मावशी आणि बाकीचे पाच जण त्या रात्री दर्शनबारीला लागतील. बारीला वेळ लागतो, तेव्हा दुसऱ्या पाळीलाही कुणीतरी नाव द्यायला हवं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!