नक्षीखात्यातील परस्परशिक्षण

(वैनगंगेच्या खोऱ्यातील विणकर, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

कागदावर काढलेले वर्तुळ कापडावरही वर्तुळच उतरेल, असे चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या माणसास वाटते. मागावर बसणाऱ्यास तसे वाटत नाही. ज्या कापडात इंचाला ताण्याचे ६० आणि बाण्याचे ४० धागे बसतात, त्या कापडासाठी चौकटीच्या कागदावर ६० घरे रुंद व ६० घरे उंच अशी गोल बुट्टी काढली, तर ती कापडावर एक इंच रुंद व दीड इंच उंच, म्हणजे अंड्यासारखी येते. गोल हवी असेल तर कागदावर ती ६० घरे रुंद आणि ४० घरे उंच, अशी बसकी काढावी लागते. हे गणित नक्षीकार शिकू शकतो. परंतु हाताचा ठोका किंचित सैल पडला की इंचात ४० ऐवजी ३६ च धागे बसतात आणि गणित बरोबर असूनही बुट्टी पुन्हा लांबट होते, ही गोष्ट विणकराच्या हातालाच ठाऊक असते. दोघे एकाच छपराखाली, पंधरा पावलांच्या अंतरावर काम करतात. बुट्टी बिघडली म्हणजे नक्षीकार विणकरास दोष देतो, विणकर कागदास दोष देतो आणि नग संस्थेच्या कपाटात पडून राहतो.

या पंधरा पावलांचा हा विषय आहे. विणकर सहकारी संस्थेच्या नक्षीखात्यात, म्हणजे जेथे नक्षीकार, पत्ते पाडणारा, रंगारी, नमुना विणणारा आणि कांड्या भरणाऱ्या स्त्रिया एका नमुन्यासाठी एकत्र येतात, तेथे बाहेरचा शिक्षक न आणता एकमेकांनी एकमेकांस शिकविण्याचा कार्यक्रम कसा सुरू करावा, याचा येथे विचार केला आहे.

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हे हातमागासाठी ओळखले जाणारे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. तरी मोहाडी, आंधळगाव, पवनीपासून वारासिवनीपर्यंत विणकामाचा पट्टा एकाच नदीच्या खोऱ्यात पसरलेला आहे. घरात मराठी किंवा पोवारी आणि कचेरीत हिंदी, अशी या भागाची रीत. वारासिवनीच्या हातमाग साडीस २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाची नक्कल रोखण्यास आधार मिळतो. हातातील कसब मात्र मानांकनाच्या कागदावर उतरत नाही; ते ज्याच्या हाती असते त्याच्याबरोबर राहते आणि त्याच्याबरोबरच जाते.

किती वेगाने जाते, हे गणनेच्या आकड्यांवरून दिसते. देशात हातमागावर व त्याच्या पूरक कामांवर असणाऱ्यांची संख्या १९९५ च्या गणनेत सुमारे ६५ लाख होती. २००९-१० मध्ये ती ४३ लाखांवर आली आणि २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५ लाख २२ हजार इतकी भरली. यांत स्त्रिया सुमारे ७२ टक्के आहेत. कमी झालेल्या प्रत्येक माणसाबरोबर काही ना काही कसब गेले असणार, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात नाही.

कलावंत आणि विणकर यांना एका छपराखाली आणण्याचा प्रयत्न या देशात नवा नाही. अखिल भारतीय हातमाग मंडळ १९५२ साली स्थापन झाले व १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे निघू लागली. त्यांच्या उभारणीमागे श्रीमती पुपुल जयकर यांची दृष्टी होती. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकार मुंबईच्या केंद्रात काम करीत होते. मराठी वाचकांस ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे परिचित असलेले प्रभाकर बरवे यांनीही साठीच्या दशकात वाराणसीच्या केंद्रात नोकरी केली. चित्रकाराने कापडाची मर्यादा ओळखावी आणि विणकराने नव्या आकाराची भीती सोडावी, ही या केंद्रांमागील कल्पना. नागपूर येथेही असे केंद्र आहे. परंतु जे केंद्रात घडते ते गावच्या संस्थेत आपोआप घडत नाही. केंद्रात पगार महिन्याचा असतो. गावात मजुरी नगावर असते. सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

हिशेब मांडून पाहावा. एक साडी विणण्यास चार दिवस, रोज आठ तास, म्हणजे ३२ तास लागतात असे धरले, तर विणकराने शिकविण्यासाठी माग सोडून दिलेला प्रत्येक तास म्हणजे त्या साडीच्या मजुरीचा बत्तिसावा हिस्सा होय. महिन्याला असे चार तास गेले, तर आठव्या हिश्श्याची मजुरी त्याच्या घरातून गेली. विद्या दिल्याने वाढते, असे शाळेत शिकविले जाते आणि ते खरेही आहे. पण ज्याच्या घरी धान्य मजुरीतून येते त्यास हे वाक्य ऐकविणे शोभत नाही. म्हणून पहिली अट ही की, शिकविणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा तास संस्थेने मजुरीत धरावा. ज्या संस्थेस हे जमत नसेल तिने कार्यक्रम सुरूच करू नये. फुकटचा कार्यक्रम दोन आठवडे उत्साहाने चालतो, तिसऱ्या आठवड्यास माणसे कमी होतात आणि ‘आमच्या लोकांना शिकण्याची आवड नाही’ असा शेरा अहवालात पडतो.

दुसरी अडचण मनातील आहे. कसब ही कारागिराची शिल्लक असते. ज्या रंगाऱ्याने उन्हात आणि वाफेत उभे राहून रंगाचे प्रमाण बसविले, त्यास ते सर्वांसमोर सांगताना संकोच वाटला तर तो स्वार्थी ठरत नाही. उद्या दुसरा कोणी कमी मजुरीत तेच काम करील, ही भीती निराधार नव्हे. यावर उपाय असा की, आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी: प्रत्येकास न सांगण्याचा अधिकार आहे. रीत सर्वांची, नमुना ज्याचा त्याचा. वही कशी भरावी, कांडी किती घट्ट असावी, पत्ते कोणत्या क्रमाने शिवावेत या रीती मोकळेपणाने सांगाव्यात. एखाद्याने रचलेला काठ किंवा पदर मात्र त्याच्या नावानेच नोंदवावा आणि त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या मागावर चढवू नये.

आरंभ व्याख्यानाने करू नये. नक्षीखात्यातील प्रत्येकाने दोन गोष्टी सांगाव्यात: कोणती गोष्ट विचारण्यासाठी लोक त्याच्याकडे येतात, आणि कोणती गोष्ट त्यास स्वतःला जमत नाही. लिहिता न येणाऱ्यांसाठी हिशेबनिसाने लिहून घ्यावे. एका मोठ्या कागदावर हे मांडले म्हणजे कोणाची जोडी कोणाशी जुळते ते दिसू लागते. पत्ते पाडणाऱ्यास रंगाचे प्रमाण समजत नाही, रंगाऱ्यास चौकटीचा कागद वाचता येत नाही. संगणकावर नक्षी काढणारा तरुण पाच मिनिटांत दहा काठ दाखवितो. पण १२० हुकांच्या जकार्डावर इंचाला ६० धागे असता नक्षीची पुनरावृत्ती दोन इंचांतच बसवावी लागते आणि बाण्याच्या प्रत्येक धाग्यास एक पत्ता लागतो, हे त्यास मागाजवळ उभे राहिल्यावाचून उमजत नाही. दीड इंच उंचीच्या नक्षीस, इंचाला ४० धागे धरता, ६० पत्ते लागतात. पत्त्यांचा खर्च कळला की त्याची नक्षी आपोआप आवरती होते.

सर्वांत नाजूक प्रसंग तो, जेव्हा लहानाने मोठ्यास शिकवायचे असते. पन्नाशीच्या कारागिरास विशीच्या मुलाने संगणकापुढे बसविणे सोपे नाही. मुलगा जर म्हणाला, “काका, हे असं करा,” तर काका दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. तोच म्हणाला, “काका, तुम्ही ठोका मारा, मी इंचात धागे मोजतो, मग आपण दोघे मिळून पडद्यावर बसवू,” तर काका येतात. पहिल्या दिवशी मोठ्याने शिकवावे, दुसऱ्या दिवशी लहानाने, हा क्रम पाळावा. उलट क्रमाने सुरुवात करू नये.

शिक्षकवर्गास या ठिकाणी एका जुन्या गोष्टीचे स्मरण होईल. गावठी शाळांत मोठी मुले लहानांस धुळाक्षरे गिरवून देत असत. मद्रास येथे ॲन्ड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही देशी रीत आपल्या शाळेत वापरली व १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ती इंग्लंडात ‘मद्रास पद्धत’ म्हणून गेली. इंग्लंडात मात्र तिला कवायतीचे रूप आले. नक्षीखात्यातही तोच धोका आहे. हजेरीपट, प्रमाणपत्र आणि उद्घाटनाचा हार आला की प्रश्न विचारणारा गप्प होतो.

स्त्रियांविषयी वेगळे सांगावयास हवे. कांड्या भरणे, सूत उकलणे, तसराच्या कोशांतून धागा काढणे ही कामे बहुधा त्याच करतात. तसराचा धागा मांडीवर वळून काढण्याची जुनी रीत त्वचेस त्रासदायक आहे. तिच्याऐवजी केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र पुढे आणले. सूत कच्चे आहे, की रंग देताना कॉस्टिक अधिक पडल्याने धागा बाधला आहे, हे सर्वांआधी कांडी भरणाऱ्या स्त्रीच्या बोटांस कळते. धागा दहा वेळा तुटतो, ती दहा वेळा गाठ मारते आणि कोणी विचारीत नाही म्हणून बोलत नाही. तीन दिवसांनी तेच सूत ताण्यावर तुटू लागते, तेव्हा खात्यात धावपळ उडते. ज्या खात्यात पहिल्या महिन्यातील एक तरी तास अशा स्त्रीने घेतला नाही, तेथे कार्यक्रम अर्धाच सुरू झाला असे समजावे. तो तास दुपारी ठेवावा. सायंकाळी चूल तिची वाट पाहत असते.

प्रत्येक तासाची नोंद एका जाड वहीत व्हावी. सहा इंचांचा विणलेला तुकडा चिकटवावा आणि खाली ताण्याचे व बाण्याचे इंचातील धागे, सुताचा नंबर, रंगाचे प्रमाण, तारीख आणि शिकविणाऱ्याचे नाव लिहावे. ‘थोडासा लाल’ असे लिहू नये. सूत एक किलो आणि रंग दोन टक्के असेल, तर वीस ग्रॅम असे लिहावे. बिघडलेले तुकडेही वहीत लावावेत, किंबहुना तेच आधी लावावेत. त्यांच्यापासून जितके कळते तितके उत्तम नमुन्यापासून कळत नाही.

अधिकाऱ्यांकडून फारशी अपेक्षा नाही. तासाच्या मजुरीस मंजुरी द्यावी, चौकटीचे कागद व रंगाचा छोटा काटा पुरवावा, आणि पहिले तीन महिने पाहणीस येऊ नये.

काळाची निवडही विचाराने करावी. आषाढात रोवणी असते आणि अनेक विणकर घरांतील माणसे बांधीत असतात; लग्नसराईपूर्वी मागणीची घाई असते. धान कापून घरी आले, दिवाळीचे नग रवाना झाले, त्यानंतरचे आठ आठवडे सोयीचे. आठवड्यास एक तास, बाजाराचा दिवस सोडून. पहिल्या तासाचा विषय ती अंड्यासारखी झालेली बुट्टीच असावी. नक्षीकाराने कागद आणावा, विणकराने कपाटातील नग काढावा, दोन्ही एका टेबलावर ठेवावेत आणि पट्टीने मोजावेत. सहा महिन्यांनी दोनच गोष्टी तपासाव्यात: कपाटात पडून राहणारे नग किती कमी झाले, आणि खातेप्रमुख रजेवर असतानाही तास भरला की नाही.