वृद्धांची सेवा : स्वच्छता आणि घरपण

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनी दोन शब्द बोला, असा समितीचा आग्रह झाला. आम्ही काही मोठे वक्ते नाही. म्हणून जी गोष्ट मनाला टोचणी लावून बसली आहे, तीच तुमच्यापुढे ठेवतो.

एका भीमजयंतीला आम्ही मंडळी एका वृद्धाश्रमात फळवाटपाला गेलो होतो. गळ्यात निळे रुमाल, हातात केळी, सोबत फोटोवाला. एका आजीपुढे केळं धरलं, तर तिनं हातच पुढं केला नाही. म्हणाली, "केळं र्‍हाऊ द्या बाबा. मोरीत दिवा न्हाई. रातच्याला पडायचं भ्याव वाटतंय. तेवढं बघा."

आम्ही मोरीत डोकावलो. अंधार, शेवाळलेली फरशी, दाराला कडी नाही. एकाने कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब आणून लावला. पाच मिनिटांचं काम. पण फोटो निघाला तो केळ्यांचाच! त्या दिवशी आम्हाला कळले की, वृद्धाश्रमाच्या ओसरीवर जाणारे पुष्कळ असतात, मोरीपर्यंत जाणारे कोणी नसते.

तथागत मात्र तिथपर्यंत गेले होते. वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचतो. त्यात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या भिक्खूची हकिकत आहे. तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी विचारले, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगाचा नाही, म्हणून कोणी माझ्याकडे बघत नाही. तेव्हा भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. दोघांनी मिळून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघाला जमवून सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

"मी उपयोगाचा नाही." बंधुभगिनींनो, आज आपल्या घराघरांतला म्हातारा माणूस मनातल्या मनात हेच म्हणतो आहे. गंगाखेड-पालमकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला जातात, आणि मागे राहतात म्हातारा-म्हातारी. कोणी वृद्धाश्रमात, तर कोणी घरातच पडवीच्या कोपऱ्यात. आम्ही वृद्धाश्रमाच्या विरोधात नाही. ज्याला कोणी नाही त्याला छप्पर पाहिजेच. पण छप्पर म्हणजे घर नव्हे.

विनयपिटकात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय पथ्याचे आणि काय कुपथ्याचे हे कळावे. सेवा मैत्रीने करावी, लोभाने नव्हे. मलमूत्र, थुंकी, वांती उचलायची किळस नसावी. आणि आजाऱ्याला वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देता यावा. वृद्धाश्रम चालवायला याच्याहून चांगली नियमावली आम्हाला तरी दिसली नाही.

ती आजच्या भाषेत सांगतो. फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. पाहुणे येणार म्हणून फरशी धुतली आणि ओलीच ठेवली, तर त्यावर घसरून म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडतं. फरशी कोरडी पाहिजे, मोरीत धरायला दांडी पाहिजे, रात्रभर मिणमिणता का होईना दिवा पाहिजे. जो अंथरुणाला खिळला आहे त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. ओली चादर ताबडतोब बदलावी. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, म्हणजे डास होणार नाहीत. आपल्या परभणीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि एखाद्या हिवाळ्यात पारा पाचच्याही खाली उतरतो. पत्र्याच्या खोलीत म्हातारं शरीर दोन्ही सोसू शकत नाही. उन्हाळ्यात माठ हाताशी पाहिजे, थंडीत दुसरी वाकळ पाहिजे.

आणि घरपण? त्याला तर पैसाही लागत नाही. स्वतःची ट्रंक खाटेखाली असू द्या. स्वतःचा तांब्या, स्वतःचं लुगडं असू द्या. खाटेचा नंबर न पुकारता मावशी, मामा, आजी म्हणून हाक मारा. आंघोळीला आडोसा द्या. अंगावरचे कपडे बदलताना चारचौघांत उघडं पाडू नका. ज्यांच्या हातांनी जन्मभर काम केलं त्यांना डाळ निवडू द्या, तुळशीला नाहीतर बोधिवृक्षाला पाणी घालू द्या. मग "मी उपयोगाचा नाही" असं कोणी म्हणणार नाही.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये. ही साफसफाई करतं कोण? बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्त्यांतल्या बाया. पिढ्यान्‌पिढ्या समाजाने घाण आपल्या माथी मारली. म्हणून आपल्या शिकलेल्या पोरांना झाडूचा तिटकारा आला, तो आम्ही समजू शकतो. लादलेलं काम नाकारणं हा स्वाभिमानच आहे. पण आपल्या आईची चादर धुणं ही गुलामी नव्हे. तथागतांनी स्वतः पाणी ओतले तिथे जातीचा प्रश्नच मिटला. मात्र जी बाई पगारावर हे काम करते तिला हातमोजे, साबण, पुरता पगार आणि सुट्टी मिळालीच पाहिजे. मालकाने कामकऱ्याच्या आजारपणात त्याची काळजी घ्यावी, हे सिगालोवाद सुत्तात भगवंतांनीच सांगितले आहे.

गाडगेबाबांनी आयुष्यभर झाडू हातात धरला आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली गेल्या. ही आपली परंपरा आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. वृद्धाश्रमात कोणत्या सोयी हव्यात याचे दंडक शासनाने घालून द्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. सांभाळायची जबाबदारी असून म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही होऊ शकते. पण कायदा मोरीत बल्ब लावायला येत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून विहारापुढे एक साधी सूचना ठेवतो. दर पौर्णिमेला वंदना झाली की पाच जणांनी वृद्धाश्रमात जावे. हार नको, फोटो नको. बल्ब, कडी, साबण, दोन धुतलेल्या चादरी न्याव्यात. तासभर बसून बोलावे, आणि त्याहून जास्त ऐकावे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातल्या म्हाताऱ्याच्या कोपऱ्यात डोकावून यावे. तिथला दिवा लागतो का, एवढेच पाहावे.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम!